एक वाव फिल्म

गिऱ्हाईक खुर्चीवर बसले, की कॅमेऱ्यामागून मावशी एक वाक्य हमखास बोलत: "सिनेमातल्या नटाला मिळते त्याच्या दुप्पट जागा तुम्हाला देतेय. नीट बसा."

ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते आणि प्रत्येक चित्र तिच्या रुंदीत आडवे मावते. साध्या कॅमेऱ्यात तीच फिल्म आडवी सरकते आणि प्रत्येक चित्र लांबीच्या दिशेने ऐसपैस पसरते. सिनेमावाल्यांची दोन चित्रे बसतील एवढ्या जागेत मावशींचे एक माणूस बसे. फिल्म मात्र तीच, ज्या कृष्णधवल फिल्मवर मोठमोठे चेहरे उतरत तीच. न्हाव्याला, शिवणकाम करणाऱ्या विधवेला, ट्रक धुणाऱ्याला मावशी हे वाक्य सारख्याच आवाजात ऐकवत, आणि समोरच्याचा कणा आपोआप ताठ होई. मगच त्या बटण दाबत.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकदा विचारले होते, "मावशी, ही सिनेमाची फिल्म ना? मग मी थोडा हललो तर चालेल?"

"हल की. तू हललास तर फोटो हलेल, सिनेमा होणार नाही."

सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणे, पण नात्याने त्या एकाच मुलीच्या मावशी होत्या. बहिणीची ती मुलगी लहानपणीच त्यांच्याकडे राहायला आली, वाढली आणि पुढे त्यांच्याच स्टुडिओत बसू लागली. तिच्याविषयी पुढे येईलच. आधी ही फिल्म मावशींच्या हाती कशी आली ते सांगायला हवे, कारण त्यांचा सारा अभिमान त्या गोष्टीत मुरलेला आहे.

तरुणपणी मावशी एका फिल्म प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. तेथे एका लांबट खोलीत पांढरे सुती हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसत आणि मूळ निगेटिव्ह कापून जोडण्याचे काम करीत. फिल्मच्या कडेला फुटाफुटावर बारीक आकडे छापलेले असतात. संकलकाने सांगितलेल्या आकड्यावर कात्री चालवायची, दोन तुकडे जोडायचे, उरलेले टोपलीत टाकायचे. पडद्यावर जे दिसायचे त्याचा त्या खोलीत कोणाला फारसा पत्ता नसे; टोपलीत काय पडते ते मात्र रोज दिसे. दृश्य सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर कॅमेरा क्षणभर चालूच राहतो. त्या क्षणभरात दृश्याच्या क्रमांकाची पाटी धरणारा पोऱ्या दिसे, घाम पुसणारा दिवेवाला दिसे, गर्दी म्हणून उभ्या केलेल्या बायका हुश्श करून खाली बसताना दिसत. नटाचे काम संपले, की या माणसांचे चेहरे उजळत. आणि नेमका तेवढाच भाग कापून फेकण्यासाठी मावशींच्या हाती येई.

समाजात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हे ठरवणारे हात बहुधा दूर कुठेतरी असतात. येथे ते मावशींच्याच मनगटाला जोडलेले होते. कात्री चालवण्याला त्यांची हरकत नव्हती. ते काम होते आणि त्या ते चोख करीत. पण टोपलीतल्या माणसांना कुठेतरी जागा असली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात रुजला तो त्या खोलीत. पुढे त्यांनी जे केले त्याला त्या कधी समाजसेवा म्हणाल्या नाहीत. तो शब्द कोणी काढलाच तर म्हणत, "सेवा नर्सबाई करतात. मी फोटो काढते."

चित्रीकरणाहून परत येणाऱ्या डब्यांत पुष्कळदा कोऱ्या फिल्मची शेपटे उरलेली असत. पुढचे दृश्य त्यात मावणार नाही इतकी ती आखूड, म्हणून ती रद्दीत जात. साध्या कॅमेऱ्याला ती भरपूर होती. इतर काही जण अशी शेपटे पिशवीत लपवून नेत. मावशींनी जेवणाच्या सुट्टीत, सगळे बसलेले असताना, विभागप्रमुखांसमोर उभे राहून विचारले, "साहेब, ही शेपटं मला हवीत. रद्दीचा जो भाव असेल तो घ्या, पण सगळ्यांसमोर हो म्हणा." साहेब आधी हसले, मग हो म्हणाले. तेव्हापासून पत्र्याचे गोल डबे राजरोस बगलेत मारून मावशी फाटकातून बाहेर पडत. पुढे प्रयोगशाळेतली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, तरी डबे येत राहिले.

स्टुडिओ म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. खिडकी मोठी, तिला पातळ पांढरा पडदा. भिंतीला राखाडी रंग. मध्ये हात नसलेली लाकडी खुर्ची. हात असलेल्या खुर्चीत माणूस सैलावतो, असे मावशींचे मत होते. मागे जिन्याखाली पूर्वी कोळसा ठेवायची कोंदट जागा होती. तिला काळा रंग फासून, फटी बुजवून मावशींनी अंधारखोली केली. तिची किल्ली एका काळ्या नाडीत ओवलेली असे आणि ती नाडी मावशींच्या गळ्यात.

सिनेमाची फिल्म बाजारातल्या रिळासारखी तयार डबीत बसून येत नाही. अंधारात मोठ्या गुंडाळीतून हवी तेवढी ओढायची, तोडायची आणि छोट्या डबीत गुंडाळून भरायची. हवी तेवढी म्हणजे किती, हे मावशी पट्टीने मोजत नसत. दोन्ही हात फाकवून एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत फिल्म ताणायची. दोरखंड मोजणाऱ्यांचे जे जुने माप, तेच: एक वाव. एक वाव फिल्म म्हणजे एक रीळ. वयपरत्वे खांदे झुकले, हात आखडले, तसा वावही आखूड झाला आणि प्रत्येक रिळातले एखाददुसरे चित्र कमी झाले. मावशींच्या ते लक्षात आले होते. त्या म्हणत, "म्हातारपण केसात नंतर दिसतं. माझ्या रिळात आधी दिसलं."

आपल्या भाषेत वाव या शब्दाला दुसराही अर्थ आहे. एखाद्याला वाव असणे म्हणजे त्याला हातपाय पसरायला, स्वतःचे असे काही करायला जागा असणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात, कारण माणसाला किती जागा लागते याचे पहिले माप त्याचेच फाकलेले हात आहेत. मावशींनी हे असे कधी मांडले नाही. त्यांनी ते अंधारात, रोज, हात फाकवून केले.

दुसरी गोष्ट फिल्मच्या बाजूची. फिल्मला दोन बाजू असतात. एकीवर रसायनाचा थर असतो, जो प्रकाश टिपतो. दुसरी नुसतीच गुळगुळीत पाठ. मावशी पहिलीला जागी बाजू म्हणत आणि दुसरीला झोपलेली. जागी बाजू लेन्सकडे तोंड करून बसली पाहिजे. कारखान्यातून थेट आलेल्या गुंडाळीत जागी बाजू कुठे आहे ते ठरलेले असते. पण ही शेपटे कोणी आतून, कोणी बाहेरून गुंडाळलेली असत, त्यामुळे गुंडाळीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. बोटाने घासून पाहावे तर चरे पडणार. म्हणून मावशी फिल्मचे टोक जिभेने किंचित ओलावलेल्या ओठाला लावत. चिकटली तर जागी, घसरली तर झोपलेली. नेहमी तोंडाच्या डाव्या कोपऱ्याला, कारण उजव्या हातात गुंडाळी असे आणि डाव्या हातात टोक. इतक्या वर्षांत ओठाने कधी खोटी साक्ष दिली नव्हती.

भाचीला अंधारखोलीत यायची मुभा होती; डबी भरायची मात्र नव्हती. बाहेरचे समारंभ, रंगीत फोटो, संगणकावरची कामे ती करी आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यातूनच चाले. तिला याचा गर्व नव्हता, पण विसरही पडत नसे.

"मावशी, एक दिवस तरी मला भरू दे ना."

"तुझा ओठ लिपस्टिकचा. त्याला काचही चिकटेल."

"पुसून येते."

"पोरी, ज्या दिवशी माझ्या हातून फिल्म उलटी बसेल, त्या दिवशी ही किल्ली तुझ्या गळ्यात घालीन. मागायला लागणार नाही तुला. तोवर मागू नकोस."

"म्हणजे मी काय, तू चुकायची वाट बघत बसू?"

"बस. पुष्कळ जण बसलेत."

हे बोलणे वस्तीला पाठ होते. भाची दुकानात आली, की शिंपी विचारी, "काय, मिळाली का गादी?" ती म्हणे, "राणीसाहेब अजून राज्य करतायत." दोघींच्या भांडणात वस्तीला गोडी होती, पण मावशींच्या दृष्टीने ते वचन होते, आणि दिलेला शब्द पाळणे एवढीच आपली मिळकत आहे असे मानणाऱ्यांपैकी त्या होत्या.

मग मावशींना पक्षाघाताचा हलका झटका आला. हात सावरला, पाय सावरला, बोलणेही पूर्ववत झाले. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी बधिर राहिली. चहा पिताना एखादा थेंब हनुवटीवर ओघळे आणि त्यांना कळत नसे. भाची न बोलता रुमाल पुढे करी आणि मावशी न बोलता तो झिडकारीत. बधिरपणाचा उच्चार त्यांनी कोणाजवळ केला नाही. स्वतःजवळही केला नसावा. अभिमान माणसाला उभे ठेवतो हे खरे, पण उभ्या माणसाला आपले पाय दिसत नाहीत, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास गल्लीच्या टोकाचा ओतकामाचा कारखाना बंद होणार असल्याचे ठरले. गटारांची झाकणे, पाण्याच्या नळांचे सांधे, बाकांचे पाय असे ओतीव लोखंडाचे सामान तेथे पिढ्यानपिढ्या होत आले होते. भट्टी शेवटची पेटणार, वितळलेल्या लोखंडाचा शेवटचा रस ओतला जाणार, मग ती कायमची थंड. कामगारांना सर्वांचा मिळून एक फोटो हवा होता आणि तो भट्टी पेटलेली असताना हवा होता. सांगायला आले ते साच्यांचे मिस्त्री. वाळूत साचे दाबण्यात त्यांचे आयुष्य गेले, म्हणून सगळे त्यांना वाळूकाका म्हणत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे फार वर्षांपूर्वी कामावरच गेली होती.

"मावशी, फोटो तुम्हीच काढायचा. पोरगी चांगली आहे, पण तिचे फोटो फार गोरे येतात."

"काका, मी इथेच उभी आहे," भाची म्हणाली.

"मग ऐक की. आमच्या भट्टीसमोर तुझा कॅमेरा आंधळा होतो. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा भट्टी म्हणजे नुसता पांढरा डाग, आणि आम्ही काळे भोपळे."

भाचीने हसून मान्य केले. ते खरे होते. सिनेमाच्या निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव मऊ असतो. लखलखत्या उजेडापासून दाट काळोखापर्यंत जाताना ती एकेक करडी पायरी उतरते, उडी मारत नाही. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, काजळी माखलेल्या माणसांचे चेहरे आणि मागचा तापलेला रस हे दोन्ही एकाच चित्रात धरायला तसाच स्वभाव लागतो. मात्र तशी फिल्म आता मिळेनाशी झाली होती. जुन्या डब्यांपैकी एकात थोडी गुंडाळी शिल्लक होती, तीच मावशींनी या कामाला काढली.

"आजच्या दिवस मी भरू का?" भाचीने विचारले. या खेपेस आवाजात थट्टा नव्हती. ती मावशींच्या ओठाकडे पाहत होती.

"माझा हात बरा झालाय."

"मी हाताचं म्हणत नाहीये."

मावशींनी अंधारखोलीचे दार आतून लावून घेतले.

आत काय झाले ते त्यांनीच पुढे सांगितले, म्हणूनच ते येथे सांगता येते. त्यांनी टोक ओलावलेल्या ओठाला लावले. फिल्म चिकटल्याचे जाणवले नाही. म्हणजे ही झोपलेली बाजू, असे समजून त्यांनी तिला पाठीमागे ठेवले आणि डबी भरली. उलटून दुसरी बाजू त्यांनी लावून पाहिली नाही, कारण एका बाजूची साक्ष त्यांना नेहमीच पुरली होती.

कारखान्यात दुपारी रस तयार झाला. मावशींनी तिपाई रोवली. बसलेले पुढे, उभे मागे, सर्वांत मागे फळीवर चढलेले, अशा तीन रांगा लावल्या. वर दारावर ओतीव अक्षरांची लोखंडी पाटी होती. ती अक्षरे वाळूकाकांच्या हातची. पहिल्या रांगेपासून पाटीपर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून मावशींनी लेन्सचे तोंड पुष्कळ मिटवले आणि बटण जरा जास्त वेळ दाबून धरायचे ठरवले.

"श्वास धरा. कोणी हसायचं नाही."

"मावशी, रडलो तर?"

"रड, पण हलू नकोस."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "दुप्पट जागेचं काय झालं? इथे तर एकाच्या जागेत आम्हा सगळ्यांना कोंबलंय!"

"तुम्ही सगळे मिळून एकच माणूस आहात आज," मावशी म्हणाल्या.

भट्टीच्या उजेडात ते सगळे स्तब्ध उभे राहिले आणि मावशींनी बटण दाबले. मग सावधगिरी म्हणून आणखी एकदा. तेवढेच. लगेचच रस ओतायला घ्यायचा होता. लोखंड कोणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची बाहेरच्या कामाला गेलेली असताना मावशींनी फिल्म धुतली आणि वाळत घालण्यासाठी उजेडात धरली. चित्र फार पातळ उतरले होते, जणू मध्ये कोणी राखाडी पडदा धरला होता. उजेड कमी पडला असावा, असे त्यांना आधी वाटले. मग त्यांनी फिल्मच्या चकचकीत पाठीकडून पाहिले, जसे त्या आयुष्यभर पाहत आल्या होत्या. कडेचे आकडे नीट वाचता येत होते. दारावरच्या पाटीची अक्षरे मात्र उलटी होती, आरशात दिसावीत तशी. आकडे सुलटे आणि माणसे उलटी.

निगेटिव्ह जोडणाऱ्या बाईला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. प्रकाश फिल्मच्या पाठीतून आत शिरला होता. पाठीला करडी झाक असते, ती ओलांडताना तो दमला होता. फिल्म उलटी बसली होती, आणि ज्या भट्टीसमोर हा फोटो घेतला ती आता थंड पडली होती.

येथे मावशींच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रसंग सुरू होतो, आणि तो अवघड असण्याचे कारण असे, की फोटो वाचला होता. लेन्स मिटवून ठेवल्यामुळे रेघ न् रेघ शाबूत होती. पातळ निगेटिव्हसाठी काळे-पांढरे ठसठशीत उठवणारा कडक जातीचा कागद वापरता येतो. आणि छापताना फिल्म पालथी घातली, की माणसे आपोआप सुलटी होतात. जगात कोणालाही काही कळले नसते. ती फिल्म मावशींच्याच खणात राहणार होती, किल्ली मावशींच्याच गळ्यात. त्यांना फक्त गप्प बसायचे होते.

त्या काही वेळ खुर्चीवर बसून राहिल्या, त्याच हात नसलेल्या खुर्चीवर. मग उठल्या आणि अंधारखोलीत जाऊन त्यांनी दोन फोटो छापले. पहिला, फिल्म जशी आली होती तसाच: उलटा. दुसरा, फिल्म पालथी घालून: सुलटा. दोन्ही एकाच आकाराचे, दोन्ही सारख्याच काळजीने धुतलेले. चुकीलाही त्यांनी कमी प्रतीचा कागद दिला नाही.

कामगार ठरल्याप्रमाणे फोटो पाहायला स्टुडिओत आले. खोली भरली, दाराबाहेरही माणसे उभी राहिली. भाची पडदा सावरत एका बाजूला उभी होती. मावशींनी आधी उलटा फोटो फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा माझ्या हातून उलटा निघाला. फिल्म उलटी भरली मी. चूक माझी."

भाचीचा हात पडद्यावरच राहिला.

माणसे पुढे सरकली. क्षणभर कोणाला काही वेगळे दिसेना. मग एकाला पाटी दिसली, दुसऱ्याला आपल्या सदऱ्याची बटणे दिसली. वाळूकाका अगदी जवळ आले, त्यांनी डावा हात वर धरून फोटोशी ताडून पाहिला आणि जोरात हसले.

"अरे, बघा रे! माझ्या डाव्या हाताची बोटं परत आली!"

"आणि उजव्याची गेली, काका!" मागून कोणी म्हणाले.

"जाऊ देत. जेवायला डाव्या हाताने शिकेन."

खोलीभर हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा, सुलटा फोटो पहिल्याशेजारी ठेवला. "हा बरोबर केलेला. हा न्या. तो दाखवला तो तुम्हाला माहीत असावं म्हणून. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. मी तुम्हाला पाठीमागून पाहिलं. ते लपवून तुमच्या भिंतीवर कसं लावू?"

वाळूकाकांचे हसू ओसरले. त्यांनी दोन्ही फोटो एकामागून एक पाहिले, आणि मग ते बोलले ते कारखान्यात नवख्याला काम समजावून सांगावे तसे.

"मावशी, आमच्या वाळूत अक्षर उलटंच उमटतं. लाकडी नमुना सुलटा, वाळूतला साचा उलटा, ओतल्यावर पुन्हा सुलटं. ती पाटी मी ओतली तेव्हा साच्यात अशीच दिसत होती, अगदी ह्या फोटोतल्यासारखी. रस ओतला की साचा मोडावा लागतो. आम्हाला तो परत कधी दिसत नाही." त्यांनी उलटा फोटो उचलला. "सुलटा युनियनच्या खोलीत लावा. साचा मी घरी नेतो."

"चूक घरी नेऊन काय करणार?"

"चूक तुमची. साचा माझा."

मावशींची मान त्या क्षणी वर झाली, हे तेथे असलेल्या सगळ्यांनी पाहिले. माफी मिळाली म्हणून ती वर झाली असे म्हणणे चुकीचे होईल. माफी कोणी मागितली नव्हती आणि कोणी दिलीही नव्हती. आपण केलेले काम, त्यातल्या चुकीसकट, ते काम जाणणाऱ्या माणसाने ओळखून हातात घेतले होते. श्रम करणाऱ्या माणसांमध्ये एकमेकांविषयी जो आदर असतो तो बहुधा असाच असतो: त्यात गोड शब्द नसतात, पण पारख असते.

मग सगळ्यांसमोर मावशींनी गळ्यातली नाडी काढली आणि भाचीच्या गळ्यात घातली.

"दिलेला शब्द," त्या एवढेच म्हणाल्या.



भाचीने नको म्हटले नाही. मावशींना ओळखणाऱ्यालाच कळेल, की नको न म्हणण्यात केवढा मान होता. माणसे पांगल्यावर तिने विचारले, "कोणत्या बाजूला लावलीस?"

"नेहमीच्या."

"नेहमीची झोपलीय, मावशी. मला झटक्याच्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तू दार लावून घेतलंस."

भाचीने अंधारखोलीचे दार उघडले. जुन्या डब्यात अजून एका रिळापुरती फिल्म होती.

"चल, शिकव."

"किल्ली तुझी. मी कशाला?"

"किल्लीने दार उघडतं. फिल्म कशी भरायची ते किल्लीला माहीत नाही. आणि लिपस्टिक पुसलीय, बघ."

दोघी आत गेल्या. दार बंद झाल्यावर मिट्ट काळोखात केवळ आवाज उरले.

"टोक सापडलं?"

"हो."

"लाव ओठाला. दाबू नकोस, टेकव नुसती."

"चिकटली."

"आता दुसरी बाजू लाव."

"तू तर एकच लावायचीस."

"म्हणून तर दुसरी लाव म्हणतेय."

फिल्म उलटल्याची सळसळ. "घसरली."

"मग पहिली जागी. ती लेन्सकडे. आता हात फाकव. पूर्ण. खांदे मागे. भिंतीला लागले तरी चालतील."

फिल्म ताणली गेल्याचा बारीक आवाज आला आणि मग कात्रीचा. डबी मिटली. भाचीने त्या खोलीत पहिल्यांदाच भरलेली डबी मावशींच्या तळव्यावर ठेवली आणि मावशींनी ती मुठीत तोलून पाहिली.

"जड आहे."

"माझे हात तुझ्यापेक्षा लांब आहेत. जास्त भरली का?"

"एका माणसापुरती जास्त."

डबीत तेवढी जागा होती. ते जास्तीचे चित्र कोणाचे काढायचे, यावर दार उघडण्याआधीच दोघींचे भांडण सुरू झाले. मावशींचे म्हणणे, रोज पहाटे गल्ली झाडणाऱ्या बाईचे, तिला आजवर खुर्चीवर बसायला वेळच मिळालेला नाही. भाचीचे म्हणणे, मावशींचे. भांडण एवढ्यात मिटले नाही. पण बाहेर येताच भाचीने ती हात नसलेली खुर्ची खिडकीसमोर ओढून ठेवली आणि पडदा बाजूला सारला.